दस्तगीरची चकती

पुण्याहून फोन आला तेव्हा प्रमिला आरवाडे मैदानावर पळत होती. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत ती खो-खो शिकवायची. शिकवणं म्हणजे काठावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवणं नव्हे, अशी तिची ठाम समजूत होती. खांबाला वळसा कसा घालायचा, पाठलाग करणारीला हूल कशी द्यायची, हे ती स्वतः पळून दाखवी. वय चाळिशीच्या पुढे, कमरेच्या पट्ट्याला बॅटरी आणि छातीत डाव्या बाजूला एक पंप. नव्या मुली सुरुवातीला त्या पट्ट्याकडे बिचकून पाहायच्या. आठवडाभरात त्यांच्या लक्षात येई की घाबरायचंच असेल तर बाईंच्या वेगाला घाबरावं.

फोन डॉ. वैजयंती सबनीस यांचा होता. आपण माणसांच्या डॉक्टर नाही, पोलादाच्या आहोत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. धातुशास्त्र हा त्यांचा विषय. प्रमिलाच्या पंपातली पोलादी चकती त्यांना पाहायची होती. बाहेर काढून नव्हे, छातीत आहे तिथेच. त्यासाठी तिने लवकरात लवकर पुण्याला यावं आणि तोपर्यंत कृपा करून पळू नये.

प्रमिलाने फोन ठेवला आणि सराव अर्ध्यावर सोडला. मुलींना आठवत होतं तेव्हापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

ही गोष्ट २०४६ सालची. त्याच्या सात वर्षं आधी एका विषाणूच्या तापाने प्रमिलाच्या हृदयाचे स्नायू सैल पडले होते. उठून स्वयंपाकघरापर्यंत गेलं तरी तिला धाप लागायची. त्याच सुमाराला मिरजेत नव्या धर्तीचे पंप बसवायला सुरुवात झाली होती. जुन्या पंपांत चुंबकावर तरंगणारा एक छोटा पंखा असे. तो रक्त सलग ढकलत राही. माणूस जगे, पण मनगटाला नाडी लागत नसे, आणि काहींना आतल्या आत रक्तस्राव होई. नव्या पंपात पंख्याऐवजी कडक केलेल्या पोलादाची चकती होती, चहाच्या कपाच्या तोंडाएवढी आणि पोस्टकार्डाएवढी पातळ. विजेच्या जोरावर ती वाकायची, सुटायची, पुन्हा वाकायची, आणि दर वाकण्याबरोबर रक्ताचा एक ठोका शरीरात जायचा. शस्त्रक्रियेनंतर प्रमिलाचा नवरा सुकुमार तिचं मनगट हातात धरून कितीतरी वेळ बसला होता. मार्केट यार्डात हळदीचे सौदे करणारा हा अबोल माणूस त्या दिवशी भेटेल त्या परिचारिकेला नमस्कार करत सुटला होता.

ती चकती पंपात दिवसाला साधारण लाखभर वेळा वाकत होती. वर्षाला साडेतीन कोटींच्या वर.

पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. सबनीसांनी दोघांना समोर बसवलं आणि आधी एक साधी तार हातात दिली. म्हणाल्या, ही एकदा वाकवून तुटणार नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवत राहिलात तर तुटेल. याला आम्ही धातूचा थकवा म्हणतो. मग त्या पोलादाबद्दल बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज नात्यातल्या माणसाविषयी बोलावं तसा झाला. मऊ पोलाद समजूतदार असतं. एखाद्या जागी ताण साचला तर तिथलं पोलाद किंचित सरकतं आणि ताण वाटून घेतं. कडक केलेलं पोलाद सरकत नाही. म्हणूनच इतकी पातळ चकती इतका जोर पेलू शकते, आणि म्हणूनच तिच्या पोटात एखादा परका कण राहिला तर ताण त्या कणाभोवतीच गोळा होत राहतो.

हा कण येतो कुठून, असं सुकुमारने विचारलं. भट्टीतून, त्या म्हणाल्या. वितळलेल्या पोलादातला प्राणवायू काढायला त्यात ॲल्युमिनियम टाकतात. त्यातून माणकाच्या जातीचा एक कठीण पदार्थ तयार होतो, मळीबरोबर वर तरंगतो आणि काढून टाकला जातो. बहुतेक सगळा. काही कण खालीच राहतात. यात कुणाची हयगय नसते. आजवर जगात पूर्ण निर्मळ पोलाद कुणीच बनवलेलं नाही. केसाच्या निम्म्या जाडीहून लहान कण असला तर तो निरुपद्रवी धरायचा, असा नियम होता. पण तो ज्या चाचण्यांवरून ठरला होता, त्या चाचण्या एक कोटी वाकण्यांनंतर थांबवल्या जात. एक कोटी वेळा वाकून तुटलं नाही ते कधीच तुटणार नाही, असं सगळे मानत आले होते.

“गेल्या वर्षी मिरजेतल्या एका गृहस्थांची चकती तुटली,” डॉ. सबनीस म्हणाल्या. “वीस कोटींपेक्षा जास्त वाकण्यांनंतर. वरचा पृष्ठभाग आरशासारखा स्वच्छ होता. ती आतून तुटली होती.”

त्यांनी पडद्यावर एक चित्र आणलं. तुटलेल्या कडेवर एक गोल, चकाकणारं वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध काळा ठिपका. या खुणेला माशाचा डोळा म्हणतात. ठिपका म्हणजे तो कण, आणि भोवतालचं वर्तुळ म्हणजे तिथून वर्षानुवर्षं सावकाश पसरत गेलेली भेग. कण केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता. नियमाप्रमाणे निरुपद्रवी.

त्याच पोलादाच्या कांबीतून कापलेल्या चकत्या आणखी अठरा जणांच्या छातीत होत्या. प्रमिला त्यांतली एक.

तपासणीचं यंत्र मुळात विमानांचे भाग पारखायला बनवलेलं होतं. क्ष-किरण पोलादातून आरपार जाताना परक्या कणाच्या कडेशी अगदी किंचित वाकतात, आणि ते वाकणं हे यंत्र टिपतं. डॉ. सबनीसांनी ते पंपाच्या ठोक्याशी जुळवून घेतलं होतं, म्हणजे चकती जणू थांबलेली असतानाच चित्र निघे. प्रमिला यंत्राखाली निजली तेव्हा तिला काहीच जाणवलं नाही. नंतर पडद्यावर तिला तिची चकती दाखवली. करड्या रंगाच्या त्या गोलात, कडेपासून थोडा आत, एक ठिपका होता. तांदूळ निवडताना दिसतो तसा खडा.

दोन वाटा होत्या. पहिली, छाती पुन्हा उघडून नव्या, अधिक निर्मळ पोलादाचा पंप बसवायचा. पण जुना पंप आता हृदयाला चिकटून गेला होता. तो सोडवताना दगावण्याचा धोका बारीकसारीक नव्हता, आणि हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी लपवलं नाही. दुसरी वाट डॉ. सबनीसांनी त्या तुटलेल्या चकतीवरून काढली होती. प्रत्येक कणाचा एक उंबरठा असतो. ताण त्याच्या खाली राहिला तर भेग पुढे सरकत नाही, कितीही कोटी ठोके पडले तरी. प्रमिलाच्या चकतीचं वाकणं जेमतेम सातव्या हिश्शाने कमी केलं की ताण त्या उंबरठ्याखाली येत होता. शस्त्रक्रिया नको, फक्त पंपाची मांडणी बदलायची.

“मग मी पळू शकेन?” प्रमिलाने विचारलं.

“नाही,” डॉ. सबनीस म्हणाल्या. “रक्तही तेवढं कमी पोचेल. चालाल. जिने थांबत थांबत चढाल.”

त्या अठरा जणांच्या घरांत त्या महिन्यांत काय काय झालं, ते प्रमिलाला पुढे कळत गेलं. पाच जणांच्या चकत्या निर्मळ निघाल्या. त्यांनी पेढे वाटले आणि मग वाटल्याबद्दल त्यांना लाजही वाटली. एका तरुणाचं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपला निकाल बायकोला सांगितलाच नाही. कुणाचं किती आयुष्य आहे ते देव जाणे, असं म्हणायची सोय आता उरली नव्हती. ते दिसत होतं, आणि एकदा दिसल्यावर डोळे मिटून घेता येत नव्हते.

आरवाड्यांच्या घरी भांडण झालं नाही, त्यापेक्षा वाईट ते झालं. दोघं जपून बोलू लागले. प्रमिलाने शस्त्रक्रियेचं मनात पक्कं केलं होतं. ती म्हणे, काठावर बसून जगायचं तर हा पंप बसवला तरी कशाला होता. सुकुमार ऐकून घेई आणि उठून जाई. एकदा जेवताना तो एवढंच म्हणाला, “तुझं पळणं मलाही आवडतं. पण मी नाडीशी लग्न केलंय, वेगाशी नाही.” मग तो पान सोडून बाहेर गेला. प्रमिलाला त्याचा राग आला.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांसाठी ती पुन्हा पुण्याला गेली तेव्हा सहज म्हणून तिने डॉ. सबनीसांना विचारलं, की मिरजेच्या त्या गृहस्थांची चकती तुमच्यापर्यंत आली कशी. माणूस गेल्यावर छातीतली वस्तू कोण काढून देतं?

डॉ. सबनीस म्हणाल्या, खरं तर कुणी देत नाही. ती आली नसती तर आम्ही बॅटरीला दोष दिला असता, नाहीतर त्या माणसाच्या निष्काळजीपणाला. बाकीच्यांना कधीच बोलावलं नसतं. ती चकती त्यांच्या पत्नीने दिली. नाव सांगण्याआधी मला त्यांची परवानगी घ्यावी लागेल.

परवानगी आली. त्या बाईंचं नाव मेहरुन्निसा शिकलगार.

मिरज सांगलीच्या शेजारीच आहे. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरताना प्रमिलाच्या पिशवीत भडंगाचा पुडा होता. ज्या बाईच्या नवऱ्याच्या मरणामुळे आपला जीव वाचतोय तिच्याकडे काय घेऊन जायचं, हे तिला शेवटपर्यंत सुचलं नव्हतं, आणि रिकाम्या हाताने जाववेना. शिकलगारांच्या दुकानाच्या छताला तंबोऱ्यांसाठी वाळवलेले भोपळे टांगले होते. मेहरुन्निसाभाभी साठीच्या होत्या, बारीक अंगाच्या. त्यांनी पुडा घेतला, बाजूला ठेवला आणि चहा टाकला.

प्रमिलाने आभार मानायला सुरुवात केली तशी त्यांनी मान हलवून ते थांबवलं. मग त्या स्वतःच सांगू लागल्या. त्यांचे यजमान दस्तगीर तंबोऱ्याच्या तारा पेलणाऱ्या घोडीला कानस लावत बसले होते. सकाळ होती. काम करता करताच ते एका अंगावर कलले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारच्या नमाजानंतर लगेच दफन करायचं ठरलं. गल्लीतले लोक, पाहुणे दारात जमले. तेवढ्यात दवाखान्यातले डॉक्टर स्वतः घरी आले आणि पंप काढू द्याल का म्हणून विचारू लागले. दस्तगीरचे धाकटे भाऊ बाबालाल संतापले. मय्यतीची चिरफाड होऊ देणार नाही, म्हणाले. सगळे त्यांच्याच बाजूचे होते.

“मी डॉक्टरांना एवढंच विचारलं,” मेहरुन्निसाभाभी म्हणाल्या, “असला पंप आणखी कुणाच्या अंगात हाय काय. ते म्हणाले, हाय, बऱ्याच जणांच्या. मग मी म्हटलं, काढा.”

दफन संध्याकाळवर गेलं. लोक दारात थांबून राहिले, काही निघूनही गेले. त्या दिवसापासून बाबालाल त्यांच्याशी बोलत नव्हते. दुकान एकच, घराची भिंत एक, पण हाक नाही. भाऊ अपुरा पुरला, असं ते लोकांना सांगत. सहा वर्षं जे त्याच्या छातीत चाललं ते त्याचंच झालं होतं. ते काढून परक्या गावी पाठवलं. बोलताना भाभींनी दिराला दोष दिला नाही. त्याचं भावावर फार प्रेम होतं, एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, तुमचं काय ठरलं. प्रमिलाने शस्त्रक्रियेचं सांगितलं. पळण्याबद्दल सांगितलं. बोलता बोलता आपलं बोलणं तिला स्वतःलाच हलकं वाटू लागलं, पण ती थांबली नाही.

भाभींनी कप खाली ठेवला. “तुमचा जीव, तुमची मर्जी. पण मला एक सांगा. पळण्यासाठीच पुन्हा जीव टांगणीला लावायचा, तर त्या दिवशी मी एवढ्या माणसांना दारात थांबवलं ते कशासाठी?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. प्रमिला छताला टांगलेल्या भोपळ्यांकडे पाहत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. भाभी तिच्याजवळ सरकल्या. हात ठेवू काय, असं त्यांनी विचारलं. प्रमिलाने मान डोलावली. त्यांनी तिच्या छातीवर डाव्या बाजूला तळवा टेकवला आणि डोळे मिटले. त्याच कांबीतली चकती त्यांच्या हाताखाली वाकत होती, सुटत होती.

“यांचा असाच होता,” त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

सांगलीला परत आल्यावर प्रमिलाने सुकुमारला शस्त्रक्रिया रद्द करायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. मिरजेत पंपाची मांडणी बदलायला काही मिनिटं पुरली.

पुढचे काही महिने सोपे गेले नाहीत. बस चुकली की ती सवयीने दोन पावलं धावायची, आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. मैदानावर तिने खुर्ची घेतली तेव्हा मुलींनी नजरा वळवल्या, आणि ते तिला जास्त लागलं. पण काठावर बसल्यावर तिला एक गोष्ट दिसू लागली, जी पळताना कधी दिसली नव्हती. आजवर तिचं सगळं लक्ष पळणाऱ्यांकडे असे. ओळीत उकिडव्या बसलेल्या मुलींकडे, पाठीवर थाप पडायची वाट पाहत अंगाचं धनुष्य करून बसलेल्या त्या आठ जणींकडे, तिने नीट पाहिलंच नव्हतं. कुणाची टाच आधीच उचललेली असते, कुणाची मान चुकीच्या बाजूला वळलेली असते. तिने उठणं शिकवायला सुरुवात केली. त्या वर्षी संघ राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरला. एका गुणाने. मुली रडल्या, आणि बाईंनी त्यांना रडू दिलं.

आपला जीव कुणामुळे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. प्रमिलाला भाभींच्या घरातली ती भिंत दिसत राही. तिने डॉ. सबनीसांना विचारलं, की दस्तगीरभाईंची चकती परत मिळेल का. डॉ. सबनीस कचरल्या. नियम बदलावा म्हणून त्या देशभर भांडत होत्या, आणि तो तुकडा त्यांचा एकमेव पुरावा होता. प्रमिलाने आग्रह धरला नाही, पण दर महिन्याला ती विचारत राहिली. अखेर नियम बदलला. कडक पोलादाच्या चाचण्या आता शंभर कोटी वाकण्यांपर्यंत चालणार होत्या, आणि माणसाच्या शरीरात बसवायचा प्रत्येक तुकडा आधी त्या यंत्राखालून जाणार होता. त्या आठवड्यात डॉ. सबनीसांनीच फोन केला. प्रमिला पुण्याला गेली तेव्हा त्यांनी एक छोटी डबी आणि आपलं भिंग तिच्या हातात दिलं. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी हा डोळा पाहिलाय, त्या म्हणाल्या. दस्तगीरभाईंच्या घरच्या माणसांनीही एकदा पाहावा.

मिरजेला कब्रस्तानाच्या फाटकाशी तिघं भेटली. भाभी चादर अंगाभोवती घट्ट लपेटून आल्या होत्या. बाबालाल थोडे दूर, पाठमोरे उभे होते. यायला ते कसेबसे तयार झाले होते. प्रमिलाने जवळ जाऊन डबी उघडली. आत कापसावर चकतीचे दोन तुकडे होते. तिने भिंग पुढे केलं.

बाबालालांनी भिंग डोळ्याला लावलं. हयात लाकडाच्या रेषा पारखण्यात गेलेला माणूस तो. त्यांनी तुकडा उन्हात फिरवला, पुन्हा फिरवला. चकाकणारं वर्तुळ सापडलं तेव्हा त्यांचा हात स्थिर झाला.

“एवढ्याशानं?”

“एवढ्याशानं.”

“आणि यावरनं किती जणांचं कळलं?”

“आम्हा अठरा जणांचं. आणि पुढे ज्यांना बसतील त्या सगळ्यांचं.”

“अठराच्या अठरा हायत?”

“आहेत,” प्रमिला म्हणाली. “आज मी आले. बाकीच्यांनाही यायचंय, तुमची हरकत नसेल तर.”

बाबालालांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, तुकडे त्यात ठेवले, चारही कोपरे नीट दुमडले. मग फाटक ढकलून ते एकटेच आत गेले.

दोघी बाहेर लिंबाच्या सावलीत उभ्या राहिल्या. आतलं काही दिसत नव्हतं. मेहरुन्निसाभाभी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. प्रमिलाने हात जोडले आणि दस्तगीरभाईंचे आभार मानले. या माणसाचा चेहराही आपण पाहिला नाही, हे तिला तेव्हा जाणवलं.

बाबालाल बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांना माती होती. फाटकाजवळच्या नळावर त्यांनी हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ ते तिथंच वाकून राहिले. मग सरळ झाले आणि वहिनीकडे न पाहता म्हणाले, “भाभी, घरी चला. पाहुण्यांना किती वेळ बाहेर उभं करायचं?”

भाभींनी तोंडाला चादरीचा पदर लावला. दारात जमलेल्या माणसांना त्यांनी थांबवलं त्या दिवसानंतर दिराने त्यांना मारलेली ही पहिली हाक होती. त्या चालू लागल्या. गल्लीच्या चढावर बाबालाल पुढे निघून गेले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, दोघी मागे राहिल्या होत्या. ते थांबले, आणि प्रमिला येऊन पोचेपर्यंत थांबून राहिले.